नळ कोणी बंद केला? भावुक फ्रेंच चित्रपट समजून घेताना

२०२४ च्या नोव्हेंबरात पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये मी पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ पाहायला गेले होते. त्याच वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला ‘ग्राँ प्री’ हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळाला होता. भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत पोहोचायला मध्ये तीस वर्षे गेली होती, दिग्दर्शिका पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली, आणि मुंबई सोडून कोकणातल्या आपल्या गावी परतणाऱ्या बाईच्या भूमिकेत छाया कदम. त्यामुळे एरवी अशा चित्रपटाच्या वाटेला न जाणारी बरीच मंडळी त्या दिवशी आली होती. शेवटच्या दृश्यात रात्रीच्या किनाऱ्यावरची दिवे लावलेली टपरी दिसत राहते आणि चित्रपट थांबतो. थिएटरातले दिवे लागले तेव्हा मागच्या रांगेतील गृहस्थांनी पत्नीला विचारले, “म्हणजे संपला?” त्या पर्स सावरत म्हणाल्या, “दिवे लागले ना, म्हणजे संपला.”

प्रश्न प्रामाणिक होता आणि तो मलाही अनेकदा पडलेला आहे. या चित्रपटाच्या निर्मितीत फ्रेंच निर्माते आणि फ्रेंच पैसा आहे, आणि भावना हाताळण्याची त्याची जी रीत आहे तिचे घराणेही बऱ्याच अंशी फ्रान्समध्ये वाढलेले आहे. मी चित्रपटांची अभ्यासक नाही. नोकरी सांभाळून, महोत्सवाचा पास मिळाला तर तिथे, नाहीतर घरी सोफ्यावर बसून पाहणारी साधी प्रेक्षक आहे. दहा-बारा वर्षांत असे शंभरेक चित्रपट पाहिले असतील. त्यांतल्या काहींत सरळ झोप काढली, काहींनी आठवडाभर छळले. हे चित्रपट आपल्याला असे बुचकळ्यात का टाकतात आणि तरीही त्यांतले काही डोळ्यांत पाणी कसे आणतात, एवढेच त्या अनुभवावरून सांगायचे आहे.

## ‘आर्टहाउस’ हे मुळात जागेचे नाव

‘आर्टहाउस’ म्हणजे काय असे विचारले की लोक ‘कलात्मक’, ‘गंभीर’, ‘समांतर’ अशी विशेषणे पुढे करतात. मुळात हा शब्द थिएटरासाठी होता. नेहमीच्या थिएटरांत न लागणारे, परदेशी किंवा वेगळ्या वळणाचे चित्रपट जिथे लागत ते ‘आर्ट हाउस’. फ्रान्समध्ये अशा थिएटरांना ‘आर ए एसे’, म्हणजे ‘कला आणि प्रयोग’, असे म्हणतात. त्यांची संघटना १९५५ मध्ये स्थापन झाली, आणि आज तिथे एक हजाराहून अधिक चित्रपटगृहांना हा अधिकृत दर्जा असून त्याबद्दल त्यांना अनुदानही मिळते. मराठी वाचकाला हे समजायला छबिलदासची आठवण पुरेशी आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटके होऊ लागली आणि बघता बघता ‘छबिलदासचे नाटक’ हा नाटकाचा एक प्रकारच होऊन बसला. सभागृहाचे नाव नाटकाला चिकटले, तसेच इथे थिएटराचे नाव चित्रपटाला चिकटले आहे. तेव्हा आर्टहाउस चित्रपटाची पक्की व्याख्या कोणाला सांगता आली नाही तर त्यात त्याचा दोष नाही.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. सगळे फ्रेंच लोक खिडकीतून पाऊस पाहत उसासे टाकणारे चित्रपट पाहतात असे आपल्याला वाटते, कारण आपल्यापर्यंत बहुतेक तेच पोहोचतात. २००८ मध्ये तिथे पोस्ट खात्यातल्या एका साहेबाची नकोशा वाटणाऱ्या उत्तरेकडच्या गावात बदली होते आणि त्याला तिथली बोलीच कळत नाही, अशा गोष्टीवर एक धमाल विनोदी चित्रपट आला. सहा-साडेसहा कोटींच्या देशात त्याची दोन कोटींहून अधिक तिकिटे खपली. आपल्याकडे बदली झालेल्या कोणत्याही सरकारी नोकराला तो चित्रपट भाषांतराशिवाय कळेल. म्हणजे फ्रेंच माणूसही सुटीच्या दिवशी हसायलाच जातो. आर्टहाउस हा तिथल्याही ताटातला एक पदार्थ आहे, आख्खे ताट नव्हे.

## फोडणीशिवायची आमटी

आपल्या ओळखीच्या चित्रपटात भावना येण्याआधी तिची वर्दी येते. आई मुलाला निरोप देणार असली की आधी व्हायोलिन सुरू होते, मग कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ जातो, मग ओठ थरथरतात, आणि एवढे सगळे झाल्यावर रडू येईपर्यंत आपली पूर्ण तयारी झालेली असते. फोडणीचा वास जिन्यातच आल्यावर पानावर बसण्याआधी भूक खवळते, तसेच हे आहे. यात कमीपणा काही नाही. मी त्या फोडणीवर वाढलेली आहे आणि आजही तिला बळी पडते.

आर्टहाउस चित्रपट बहुधा ही फोडणी देत नाही. त्यामुळे पहिला घास पांचट लागतो, आणि तो लागणारच, कारण जिभेला सवय दुसऱ्या चवीची असते. मिशाएल हानेके यांचा ‘आमूर’ हा २०१२ चा चित्रपट याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. पॅरिसमधल्या एका फ्लॅटमध्ये राहणारे जॉर्ज आणि आन हे ऐंशीच्या घरातले जोडपे, दोघेही निवृत्त संगीतशिक्षक, आणि हळूहळू तिला ग्रासत जाणारे आजारपण एवढीच गोष्ट. त्याला कानचा सर्वोच्च ‘पाम द’ऑर’ आणि पुढे परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, आणि आनची भूमिका करणाऱ्या एमान्युएल रिवा यांना वयाच्या ८५ व्या वर्षी ऑस्करचे नामांकन मिळाले. संगीतशिक्षकांच्या या चित्रपटात पार्श्वसंगीत अजिबात नाही. कोणी पियानो वाजवला किंवा रेकॉर्ड लावली तरच संगीत ऐकू येते, आणि तेही मध्येच बंद केले जाते.

हा चित्रपट मी माझ्या मावशीबरोबर पाहिला. मावशी बहात्तर वर्षांची आहे, तिला फ्रेंचचा गंध नाही, आणि तिच्या इमारतीत पाणी सकाळी दीड तास येते. सुरुवातीची वीस मिनिटे ती शेंगा सोलत होती. मग स्वयंपाकघरातला प्रसंग आला. दोघे सकाळी खात बसलेले असतात आणि बोलता बोलता आन एकदम थिजते. डोळे उघडे आहेत, पण ती तिथे नाही. जॉर्ज हाका मारतो, नळ सोडून फडके ओले करतो, तिच्या चेहऱ्याला, मानेला लावतो. काहीच उपयोग होत नाही तेव्हा तो कपडे बदलून मदत आणायच्या घाईत आत जातो, आणि नळ तसाच वाहत राहतो.

“अगं, नळ चालू राहिला की त्याचा!” मावशी शेंगांची सुपली बाजूला सारून म्हणाली. पडद्यावर आता आतली खोली होती. जॉर्ज बूट शोधत होता आणि मागून पाण्याचा आवाज येत होता. मावशीचे सगळे लक्ष त्या पाण्यात अडकलेले. आणि अचानक तो आवाज थांबला.

मावशीने माझा हात धरला. “बंद कोणी केला?”

जॉर्ज परत येतो तेव्हा आन नेहमीसारखी बसलेली असते आणि नळ वाहता ठेवल्याबद्दल त्यालाच बोलते. मधली मिनिटे तिच्या आयुष्यातून पुसली गेली आहेत आणि तिला त्याचा पत्ताही नाही. मग ती चहा ओतायला जाते आणि धार कपात पडतच नाही. एकही वाद्य वाजले नव्हते, कोणी रडले नव्हते, तरीही पुढचा तास-दीड तास मावशीने शेंगांना हात लावला नाही.

## भावना पडद्यावर नसेल तर ती येते कुठून?

इथे थोडी यंत्रणा समजून घ्यावी लागते. साधारण शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशॉव या रशियन दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा त्याने तीन वेगवेगळ्या चित्रांना जोडला: सूपचा वाडगा, शवपेटीतले मूल, एक तरुणी. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर पहिल्या वेळी भूक दिसली, दुसऱ्या वेळी दुःख, तिसऱ्या वेळी आसक्ती. चेहरा तोच होता. उरलेले सगळे पाहणाऱ्याने घरून आणले होते.

हे फक्त पडद्यावर घडते असेही नाही. कोणाच्या घरी माणूस गेल्यावर आपण भेटायला जातो तेव्हा तिथे नेमके काय बोलले जाते ते आठवून पाहा. “गाडी लगेच मिळाली का?” “चहा घेणार ना, बिनसाखरेचा?” “बाहेर ऊन फार आहे.” गेलेल्या माणसाचा चष्मा टीव्हीवर तसाच असतो, सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे असते आणि बोलणे चहाबद्दल चाललेले असते. एखादा पाहुणा तिथे मोठ्याने गळा काढतो तेव्हा वातावरण हलके होते, कारण आता काय करायचे ते सगळ्यांना कळते. तो येईपर्यंतचा जो अर्धा तास असतो, तो बिनसाखरेच्या चहाचा अर्धा तास, त्यातच हे चित्रपट राहतात.

या रीतीचे टोक पाहायचे असेल तर रोबेर ब्रेसाँ यांचा १९६६ चा ‘ओ आझार बाल्ताझार’ पाहावा. त्याचा नायक एक गाढव आहे. ते एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते, ओझी वाहते, मार खाते. ब्रेसाँ व्यावसायिक नट घेत नसत, आणि घेतलेल्या माणसांनाही अभिनय करू देत नसत. संवाद सपाट आवाजात म्हणून घेत. माणसांच्या बाबतीत त्यांचा हा हट्ट मला आजही पुरता पटलेला नाही, कित्येकदा ती मंडळी बस थांब्यावर उभी असल्यासारखी वाटतात. गाढवाच्या बाबतीत मात्र वाद घालायला जागाच नाही. गाढवाला अभिनय येत नाही. त्याच्या डोळ्यांत जे काही दिसते ते संपूर्णपणे आपण घातलेले असते, आणि मी त्या चित्रपटाच्या शेवटी जितकी रडले आहे तितकी माणसांच्या फारच थोड्या चित्रपटांत रडले असेन.

## मान्य, पण मग इतके संथ कशाला?

हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त ऐकावा लागतो आणि तो निम्मा तरी खरा आहे. आधी चांगल्या संथपणाबद्दल सांगते. क्रिस्तोफ किश्लोव्स्की यांच्या ‘थ्री कलर्स: ब्लू’ या १९९३ च्या चित्रपटात ज्युलिएत बिनोश यांनी केलेली झ्युली अपघातात नवरा आणि मुलगी गमावून बसली आहे, आणि जगाशी संबंधच नको अशा निश्चयाने राहते आहे. कॅफेमध्ये तिच्यावर प्रेम करणारा माणूस समोर बसला असताना ती साखरेचा खडा कॉफीला टेकवते आणि कॉफी त्या खड्यात चढताना पडद्यावर दिसते. पांढरा खडा खालून तपकिरी होत जातो. किश्लोव्स्की यांनी नंतर सांगितले होते की हे चढणे पाच सेकंदांत व्हायला हवे होते. साखर त्याहून सावकाश भिजली तर प्रेक्षक कंटाळणार, म्हणून त्यांच्या साहाय्यकाने निरनिराळे खडे भिजवून पाहण्यात अर्धा दिवस घालवला. म्हणजे ज्या दृश्याला आपण “काहीच घडत नाही” म्हणतो, त्याचा वेळ सेकंदावर मोजलेला होता. समोरच्या माणसाकडे पाहायचे नाही म्हणून ती खड्याकडे पाहते आहे, हे त्या पाच सेकंदांत कळते. चार ओळींच्या संवादात ते कळले असते, पण जाणवले नसते.

किंवा आन्येस वार्दा यांचा १९६२ चा ‘क्लेओ’. एक तरुण गायिका कर्करोगाच्या तपासणीच्या निकालाची वाट पाहते आहे आणि आपण संध्याकाळी पाच ते साडेसहा हा तिचा वेळ जवळजवळ घड्याळाप्रमाणे तिच्याबरोबर काढतो: टोपीचे दुकान, टॅक्सी, बाग. बायोप्सीच्या रिपोर्टची वाट ज्याने पाहिली आहे त्याला तो दीड तास संथ वाटणार नाही.

आता उरलेला निम्मा. संथपणा ही काही गुणाची खूण नव्हे, आणि महोत्सवांत दरवर्षी असे चार-दोन चित्रपट भेटतात ज्यांत बाई धुके पाहते, कॅमेरा बाईला पाहतो आणि प्रेक्षक मोबाइलवर वेळ पाहतो. दिग्दर्शकाकडे सांगण्यासारखे काही नसले की मौन हा फार सोयीचा आडोसा होतो. माझी कसोटी अगदी घरगुती आहे: दृश्य रेंगाळत असताना माझे डोळे पडद्यावर काहीतरी शोधत असतील, नळाच्या आवाजाकडे लागलेल्या मावशीसारखे, तर तो संथपणा कामाचा. डोळे बाहेर पडण्याचा लाल दिवा शोधू लागले तर खुशाल उठावे. न आवडलेला चित्रपट शेवटपर्यंत पाहण्याची शपथ कोणी घातलेली नसते.

## पण हे सगळे रुक्षच असते का?

वाचकाच्या मनात आतापर्यंत आले असेल की भावुक म्हणता म्हणता ही बाई रंग नाही, गाणे नाही, अश्रू नाहीत असेच सांगत बसली आहे. म्हणून आता माझा सर्वांत लाडका चित्रपट, जो वरच्या सगळ्या नियमांना टांग मारतो.

जाक देमी यांचा ‘शेर्बुर्गच्या छत्र्या’, साल १९६४. भिंतींचे कागद गुलाबी, जांभळे, पोपटी. मिशेल लेग्रां यांचे संगीत पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत. आणि संवादाची एकूण एक ओळ गायलेली. संगीत नाटकाच्या परंपरेतल्या आपल्याला वाटेल की यात नवल ते काय, पण संगीत नाटकात गद्य चालते आणि मध्ये पद येते. इथे गद्य उरलेलेच नाही. गॅरेजमधला मेकॅनिक गाडी दुरुस्त झाल्याचेही गाऊन सांगतो. पहिली दहा मिनिटे हसू येते, ते येऊ द्यावे.

छत्र्यांच्या दुकानातली झनव्हिएव्ह (तरुण कात्रीन दनव्ह) आणि मेकॅनिक गी यांचे प्रेम असते. मुलगी झाली तर तिचे नाव फ्रान्स्वाझ ठेवायचे असेही ठरलेले असते. १९५७ साली त्याला सक्तीच्या लष्करी सेवेसाठी अल्जीरियाच्या युद्धात जावे लागते, दोन वर्षांसाठी. ती गरोदर असते, पत्रे विरळ होत जातात, आई समजावते, आणि ती एका सज्जन जवाहिऱ्याशी लग्न करते. इथे खलनायक कोणीच नाही. आईचेही चुकत नाही, जवाहिऱ्याही चांगलाच आहे.

शेवटचा प्रसंग डिसेंबर १९६३ चा आहे. बर्फ पडते आहे. गीने आता पेट्रोल पंप घेतला आहे. बायको आणि लहान मुलगा नुकतेच बाहेर गेले आहेत. एक भारी गाडी येऊन थांबते, आत झनव्हिएव्ह आणि तिच्या शेजारी लहान मुलगी. तो तिला थंडीतून ऑफिसात बोलावतो. दोघे उभ्या उभ्या चार वाक्ये बोलतात आणि तेवढ्यात पंपावरचा पोऱ्या येऊन विचारतो, “सुपर की साधं?” तोही गाऊनच. मुलीचे नाव फ्रान्स्वाझ आहे, असे ती सांगते. तुला तिला पाहायचे आहे का, असे विचारते. तो मानेने नको म्हणतो. आता तू निघावेस, असे सुचवतो. दारातून ती विचारते, “तू बरा आहेस ना?” तो म्हणतो, “हो, अगदी छान.” गाडी जाते, त्याची बायको आणि मुलगा परत येतात, तो मुलाशी बर्फात खेळू लागतो. त्या मुलाचे नाव फ्रान्स्वा आहे.

संगीत इथे फोडणीचे काम पुरेपूर करते, लेग्रां यांची धून अक्षरशः उमाळून येते; पण त्या दोघांना मात्र देमी यांनी एकही उमाळ्याचे वाक्य दिलेले नाही. तोंडी फक्त पेट्रोल, थंडी, तब्येत. भेटायला गेल्यावरच्या त्या बिनसाखरेच्या चहासारखेच. वाद्यांचा ताफा असो की नळाचा आवाज, माणसे गप्प राहतात आणि त्यांच्या गप्प राहण्याची भरपाई आपण करतो. फ्रेंच चित्रपटांच्या भावुकतेतले मला कळलेले मर्म म्हणाल तर एवढेच आहे.

## शेवट अर्धवट का सोडतात?

१९५९ साली फ्रान्स्वा त्र्युफो या सत्तावीस वर्षांच्या समीक्षकाने आपला पहिला मोठा चित्रपट केला आणि कानमध्ये दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळवले. फ्रेंच ‘नवी लाट’ म्हणून जिचा उल्लेख होतो ती चळवळ, म्हणजे स्टुडिओबाहेर पडून थोड्या पैशांत, खऱ्या रस्त्यांवर, स्वतःच्या आयुष्याबद्दल चित्रपट करणारी तरुण मंडळी, त्या सुमारास जगाच्या नजरेत भरली. त्र्युफो यांच्या त्या चित्रपटाच्या (‘द फोर हंड्रेड ब्लोज’) शेवटी सुधारगृहातून पळालेला मुलगा धावत धावत समुद्रापर्यंत येतो. पुढे पाणी, म्हणून वळतो, कॅमेऱ्याकडे पाहतो आणि चित्र तिथेच गोठते. आता तो कुठे जाईल? त्या मुलालाही ते माहीत नाही. पुढचे सांगितले असते तर त्र्युफो यांना त्याच्यापेक्षा जास्त माहीत असल्याचा आव आणावा लागला असता.

तरीही सगळेच अर्धवट शेवट इतके प्रामाणिक नसतात. लेखकाला गाठ सोडवता आली नाही म्हणून दोरी तशीच टाकून दिलेलीही मी पाहिली आहे.

## सबटायटल वाचू की चित्र पाहू?

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चित्रपट दाखवले गेले, तेव्हा फ्रान्सहून आलेली ती चित्रे समजायला कोणालाच भाषा लागली नाही. ती मूक होती. सबटायटलची कटकट बोलपटाबरोबर आली. तिला इलाज सवयीचाच आहे, तीन-चार चित्रपटांनंतर डोळे आपोआप खाली-वर करू लागतात. भाषांतरात काही हरवते हेही खरे. त्र्युफो यांच्या त्या चित्रपटाचे नाव शब्दशः घेतले तर ‘चारशे ठोसे’ असे होते आणि इंग्रजीत ते तसेच गेले. फ्रेंचमध्ये तो वाक्प्रचार आहे आणि त्याचा अर्थ आपल्या ‘धुडगूस घालणे’ याच्या जवळचा आहे. मराठी सबटायटल क्वचितच मिळतात, त्यामुळे मावशीला मी कानाशी कुजबुजून सांगत असते, आणि अनुभव असा की हळूहळू ती “थांब, कळलं मला” म्हणू लागली आहे.

## यांना पैसे कोण देते?

एक व्यवहारी प्रश्न उरतो, आणि खरे उत्तर बरेचसे तिथेच आहे. ज्या चित्रपटात गाढव नायक असते तो तयार होतोच कसा?

फ्रान्समध्ये चित्रपटाच्या प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर असतो. दहा युरोच्या तिकिटातला साधारण एक युरो सात सेंट ‘सीएनसी’ या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जातो, जे १९४६ मध्ये स्थापन झाले. गंमत अशी की हा कर हॉलिवूडच्या चित्रपटांवरही असतो, त्यामुळे पॅरिसमध्ये सुपरहिरो पाहायला गेलेला पोरगा नकळत एखाद्या उदास प्रेमकथेला हातभार लावून येतो. बाजार समितीत आलेल्या मालावर सेस घेतात आणि त्यातून बाजाराच्या सोयी चालतात, तशीच ही रचना आहे: पैसा बाजारातून येतो आणि बाजारातच फिरतो. टीव्ही वाहिन्यांनाही असे योगदान द्यावे लागते.

या पैशाचा एक भाग चाललेल्या चित्रपटांच्या निर्मात्यांना पुढच्या कामासाठी ठरलेल्या प्रमाणात आपोआप मिळतो. दुसरा भाग पटकथा वाचून एक समिती देते. १९५९ मध्ये आंद्रे मालरो सांस्कृतिक मंत्री असताना सुरू झालेल्या या योजनेच्या नावाचा अर्थ ‘उत्पन्नावरील आगाऊ रक्कम’ असा आहे. ऊसवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर ही उचल आहे. चित्रपटाने कमावले तर त्यातून फेडायची.

यावर आक्षेप येतो की लोकांच्या पैशाने मूठभरांचे चोचले कशाला पुरवायचे, आणि हा वाद फ्रान्समध्येही चालूच असतो. माझ्या मते दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, हा कर चित्रपट पाहणाऱ्यांकडूनच घेतला जातो. आपल्याकडे तिकिटावरचा जीएसटी सरळ सामान्य तिजोरीत जातो. दुसरी, याच व्यवस्थेचा लाभ परदेशी दिग्दर्शकांनाही होतो. किश्लोव्स्की पोलंडचे, हानेके ऑस्ट्रियाचे, आणि पायल कपाडिया मुंबईच्या. मुंबईतल्या नर्सेसची मल्याळम, हिंदी आणि मराठी बोलणारी गोष्ट उभी राहण्यात फ्रान्सचा हात असावा, याचा मला आनंद आहे आणि थोडी खंतही. समित्या मित्रांना पैसे देतात, ठरावीक साच्याच्या पटकथांना झुकते माप देतात, अशी कुरकुर होत असेल तर ती मला खोटी वाटत नाही. समिती म्हटली की हे आलेच. त्या धुके पाहणाऱ्या बायकांतल्या काही तिथूनच आल्या असणार.

## सुरुवात कुठून करावी?

ज्यांना एकदा करून पाहायचे आहे त्यांनी गाढवापासून सुरुवात करू नये, एवढे मी आवर्जून सांगेन. आधी छत्र्या, मग ‘क्लेओ’, आणि घरात वडीलधारे असतील तर ‘आमूर’ विचार करूनच. त्याची सुरुवातच अग्निशमन दलाने फ्लॅटचे दार फोडण्यापासून होते, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवले आहे ते पहिल्या पाच मिनिटांत कळते. पुण्याच्या आणि गोव्याच्या महोत्सवांत असे चित्रपट मोठ्या पडद्यावर मिळतात, आणि मोबाइल हाताशी नसलेल्या अंधारात ते दुप्पट चांगले दिसतात.

‘आमूर’नंतर महिनाभराने मी मावशी आणि काकांना छत्र्या दाखवला. काका सुरुवातीला “हे काय, सगळेच गातायत!” म्हणून उठून गेले होते, पण बर्फ पडू लागले तेव्हा ते परत येऊन दाराशी उभे होते. चित्रपट संपल्यावर मावशी म्हणाली, “त्याने मुलीला एकदा बघायला हवं होतं. काच खाली करून नुसतं बघायचं, एवढंच.” काका म्हणाले, “बघितलं असतं तर मग त्या दुसरीने काय करायचं? बरोबर केलं त्याने.” मावशी म्हणाली, “अहो, पोटची पोर आहे ती.” चित्रपट दीड तासाचा होता. परवा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा तिसरा आठवडा चालू होता आणि चहा टाकता टाकता मावशी काकांना सांगत होती की काच तरी खाली करायला हवी होती.